सामू योग्य, म्हणून पाणी योग्य?

आळंदीच्या बंधाऱ्याखाली इंद्रायणी पांढऱ्या फेसाने भरली की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक, ‘कंपन्यांनी ॲसिड सोडलं.’ दुसरं, ‘सामू साडेसात आला, म्हणजे पाण्यात तसं काही नाही.’ वरवर ही मतं एकमेकांविरुद्ध आहेत, पण दोन्ही एकाच समजुतीवर उभी आहेत: नदीत आम्ल पडलं तर फेस किंवा सामू, म्हणजे पीएच, ते सांगेलच. ही समजूतच चुकीची आहे.

दुसऱ्या मताची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. आंघोळीच्या पाण्याच्या सरकारी निकषात सामू 6.5 ते 8.5 असावा असं म्हटलेलंच आहे. तो मोजायला सोपा, यंत्र खिशात मावतं. नाल्याच्या तोंडाशी तो 3 आला, तर वेगळा पुरावा शोधायची गरज नाही. पण नाल्याच्या तोंडाशी लागू पडणारा युक्तिवाद पात्राच्या मध्यावर लागू पडत नाही, कारण तिथे बायकार्बोनेट असतं.

सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून, मातीतून येणारं पाणी बायकार्बोनेट घेऊनच येतं. समजा ते लिटरला 2 मिलिमोल आहे आणि सामू 7.8. कार्बोनिक आम्लाचा पीके, म्हणजे ज्या सामूला कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट सारखेच असतात तो आकडा, 25 अंश सेल्सिअसला 6.35. म्हणजे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड 0.07 मिलिमोल. आता लिटरमागे अर्धा मिलिमोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकू. शुद्ध पाण्यात सामू थेट 3.3 वर आला असता. इथे आम्ल बायकार्बोनेटवर खर्च होतं: बायकार्बोनेट 2 वरून 1.5 वर येतं, कार्बन डायऑक्साइड 0.57 वर जातो आणि सामू होतो 6.35 + लॉग (1.5 ÷ 0.57), म्हणजे सुमारे 6.8. निकषात बसला!

हे आम्ल किती झालं? सेकंदाला हजार लिटर वाहणारं पात्र धरलं तर ताशी 65 किलो. बाजारात 30 टक्क्यांचं आम्ल मिळतं, त्याचं दर तासाला जवळजवळ एक दोनशे लिटरचं पिंप. पुढे बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं, जास्तीचा कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि सामू पुन्हा साडेसाताच्या वर चढतो. आम्ल लोखंड-जस्त धुऊन आलेलं असेल तर ते धातू मात्र हवेत जात नाहीत. बरेचसे गाळात बसतात. मागे राहते ती क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, घटल्याची खूण: कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला 100 मिलिग्रॅमवरून 75. सामू हा या क्षणीचा समतोल दाखवतो, पाण्याने किती मार खाल्ला ते दाखवत नाही.

मैलापाण्यातला अमोनिया याहून चिंतेचा. पाण्यात तो दोन रूपांत असतो. अमोनियम आयन तुलनेने सौम्य, मुक्त अमोनिया माशांना विषारी. दोघांच्या समतोलाचा पीके 25 अंशांना 9.25; तापमानाबरोबर तो बदलतो. सामू 7 असताना एकूण अमोनियाचा फक्त 0.56 टक्का भाग मुक्त असतो, 8.5 असताना 15 टक्के. दोन्ही सामू ‘योग्य’, अमोनिया तेवढाच, पण विष 27 पट. भर दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, सामू चढतो. सकाळी नमुना घेणाऱ्याला यातलं काही कळत नाही. म्हणून तापमान आणि सामू न लिहिता दिलेला अमोनियाचा आकडा मी अर्धाच मानतो.

राहिलं पहिलं मत. फेस आम्लाने होत नाही. साध्या साबणात आम्ल घातलं तर उलट फेस बसतो, कारण साबणाचं मेदाम्ल होऊन तरंगतं. कपड्यांच्या पावडरीतलं सल्फोनेट हे तीव्र आम्लाचं मीठ. ते आम्लातही टिकतं, जड पाण्यातही, आणि पाणी कोसळताना हवा मिसळली की फेसाळतं. ते घराघरांतल्या मोऱ्यांतूनही येतं आणि उद्योगांतूनही. म्हणजे फेस दिसला तर आम्ल सिद्ध होत नाही, आणि फेस विरला तर नदी सुटली असंही होत नाही.

क्षारता मोजणं अवघड नाही. 100 मिलिलिटर पाणी, दोन थेंब मिथिल ऑरेंज, ब्युरेटमध्ये 0.02 नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल. पिवळा रंग नारिंगीकडे झुकला की थांबायचं. लागलेल्या प्रत्येक मिलिलिटरमागे क्षारता लिटरला 10 मिलिग्रॅम. हे काम विज्ञान महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगवहीतच असतं.

देहू ते आळंदी या पट्ट्यातल्या महाविद्यालयांना माझी विनंती आहे: नाल्याच्या वर आणि खाली, सकाळी आणि दुपारी, क्षारता, अमोनिया, विरघळलेला प्राणवायू आणि डिटर्जंट मोजा, तापमान आणि सामू सोबत लिहा, आणि आकडे घाटावर लावा. कार्तिकीला लाखो माणसं याच पाण्यात उतरतात; नुसत्या सामूवर त्यांना ‘पाणी ठीक आहे’ म्हणून सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही.