जाहिरात दिनदर्शिका

जाहिरात दिनदर्शिका म्हणजे दुकानदार, व्यापारी पेढ्या, पतसंस्था, बँका आदींनी स्वतःच्या नावासह छापून घेऊन ग्राहकांना विनामूल्य वाटलेली भिंतीवरची दिनदर्शिका होय. बोलीभाषेत तिला केवळ 'कॅलेंडर' म्हणतात. मागणीनुसार करून घेतल्या जाणाऱ्या रंगीत व्यापारी छपाईचा हा महाराष्ट्रातील एक अत्यंत परिचित प्रकार आहे. हस्तपत्रक वाचून टाकून दिले जाते. दिनदर्शिका वर्षभर घरात टांगलेली असते, आणि तिच्यातील चूकही.

इतिहास

विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या चित्रशाळेने देवदेवतांची व ऐतिहासिक पुरुषांची रंगीत शिळाछाप चित्रे मराठी घरांत पोहोचवली. राजा रवी वर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत गिरगाव येथे सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवण्यात आला. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड तयार करावा लागे, त्यामुळे एकच चित्र मोठ्या संख्येने छापणे हिताचे ठरे. हा छापखाना जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांनी विकत घेतल्यानंतर तेथे व्यापारी लेबले व जाहिरातींची छपाईही होऊ लागली. विसाव्या शतकाच्या मध्यात रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांची देवतांची चित्रे दिनदर्शिकांवर विशेष लोकप्रिय झाली.

दरम्यान तमिळनाडूतील शिवकाशी येथे आगपेट्यांच्या लेबलांच्या गरजेतून छपाईचा धंदा वाढला आणि ते देशातील दिनदर्शिकांच्या छपाईचे प्रमुख केंद्र बनले. जयंतराव साळगावकर यांनी १९७३ मध्ये सुरू केलेले 'कालनिर्णय' हे विकत घेण्याचे होते. ते आल्यावर पंचांग पाहण्याचे काम बहुतांशी त्याच्याकडे गेले. फुकट मिळालेल्या कॅलेंडरकडे चित्र आणि दुकानाचे नाव उरले.

मागणीची पद्धत

शिवकाशीत पुढील वर्षाचे नमुनासंच तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या प्रारंभी, प्रसिद्ध करण्याचा प्रघात आहे. हे संच स्थानिक छापखान्यांकडे किंवा दलालांकडे येतात. ग्राहक चित्राचा क्रमांक निवडतो, प्रतींची संख्या सांगतो आणि मजकूर देतो. चित्र आधीच छापलेले असते. त्याखालच्या कोऱ्या पट्टीवर दुकानाचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक तेवढे नव्याने छापले जातात. एकच लक्ष्मी किराणा दुकानात, सराफाकडे आणि कृषी केंद्रातही दिसते, ती यामुळे. थोड्या प्रतींसाठी स्क्रीन छपाई व अधिक प्रतींसाठी ऑफसेट वापरतात. शेवटी वर-खाली टिनपट्टी बसवून तारखांचा गठ्ठा जोडला जातो.

स्वतःचेच चित्र हवे असल्यास संपूर्ण कॅलेंडर वेगळे छापावे लागते. ऑफसेटमध्ये निळा, किरमिजी, पिवळा व काळा अशा चार रंगांच्या चार प्लेटा लागतात. त्यांचा खर्च शंभर प्रतींना व पाच हजार प्रतींना सारखाच येत असल्याने प्रती वाढतील तसा दर प्रतीचा खर्च उतरतो. संगणकाच्या पडद्यावरील रंग प्रकाशाचे असतात, कागदावरचे शाईचे. त्यामुळे पडद्यावर झळाळणारा भगवा किंवा निळा छापून आल्यावर मंद दिसतो. मोबाइलवर आलेले लहान छायाचित्र मोठ्या आकारात फुटते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधील मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरे मोडतात, म्हणून अक्षरांचे रेखाकृतीत रूपांतर करून फाइल देण्याची पद्धत आहे. मालकाने प्रूफ पाहून सही केल्यावरच छपाई सुरू होते. सहीनंतर सापडलेल्या चुकीचा भार सहसा ग्राहकावर पडतो. नाव छापलेला माल दुसऱ्या कोणाला विकताही येत नाही.

तारखांचा गठ्ठा मराठी की हिंदी, हे मागणीत स्पष्ट लिहावे लागते. मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतीय पंचांगात पौर्णिमेला. त्यामुळे हिंदी गठ्ठ्यावर श्रावण सुमारे पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि मराठी घरातील श्रावणी सोमवारांचा हिशेब चुकू शकतो. राज्य शासनाची सुट्ट्यांची यादी सहसा वर्षअखेरीस निघते, तर मुस्लिम सणांचे दिवस चंद्रदर्शनावर ठरतात. गठ्ठे मात्र त्यापूर्वीच छापून तयार असतात.

वर्धा जिल्हा

वर्धा, हिंगणघाट, आर्वी व पुलगाव या बाजारपेठांच्या गावांत मराठीबरोबरच हिंदी व मारवाडी बोलणारा व्यापारी वर्ग आहे, त्यामुळे गठ्ठ्याच्या निवडीचा प्रश्न येथे प्रत्यक्ष उभा राहतो. केळझरचा सिद्धिविनायक किंवा गिरडचा दर्गा अशी स्थानिक श्रद्धास्थाने तयार नमुनासंचात मिळण्याची शक्यता कमी. त्यांसाठी छायाचित्र काढून वेगळी छपाई करावी लागते.

महात्मा गांधी १९३६ पासून सेवाग्राम येथे राहिल्याने जिल्ह्याची ओळख त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. तथापि त्यांचे चित्र जाहिरातीच्या कॅलेंडरवर छापण्यास कायद्याची आडकाठी आहे. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० याच्या अनुसूचीत महात्मा गांधी, छत्रपती शिवाजी महाराज, पंडित जवाहरलाल नेहरू, इंदिरा गांधी व पंतप्रधान यांची नावे आणि चित्रे समाविष्ट असून केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय त्यांचा व्यापारी वापर करता येत नाही. या नोंदीत कॅलेंडरपुरता अपवाद आहे: त्यावर केवळ उत्पादकाचे व मुद्रकाचे नाव असावे आणि ते मालाच्या जाहिरातीसाठी वापरलेले नसावे. कापड दुकानाचे नाव छापलेले गांधीजींचे कॅलेंडर या अपवादात बसत नाही.