महाडचे दोन धडे

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तळे सर्वांस खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ मध्येच झाला होता. तो अमलात आणण्यासाठी माणसांना चालत जावे लागले.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. हवे तितके तास राबण्याची मोकळीक त्यामुळे गेली खरी. परंतु ती मोकळीक गरजवंताला कधी नव्हतीच.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाना कायदा पुन्हा सुधारला. धोका समोर दिसताच तो व्यवस्थापनाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. तरीही ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाड औद्योगिक वसाहतीतील स्फोटात ११ कामगार दगावले.

तोंडावरची जाळी, हातातले मोजे उकाड्यात जाचक वाटतात, हे आम्ही जाणतो. पण धोका दिसताच निर्भयपणे बोलता येणे, हेही स्वातंत्र्यच आहे. तळ्याच्या ठरावाप्रमाणे हा हक्कही बजावल्यावाचून हाती येत नाही, असे आम्हांस वाटते.