दोन औंस माती

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वेगाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या मार्गाने गेली. त्याच दुष्काळात महाराष्ट्रातील पशुपालकांपुढे 'मातीविना चारा' हा उपाय मांडला जात होता. मका भिजवून मोड आणायचे, ते ट्रेमध्ये पसरून वरचेवर पाणी फवारायचे. आठवड्याभरात हिरवी गादी तयार होते. नवरात्रातील घट पाहिलेल्यांना हे दृश्य परके नाही. मात्र येथे धान्याखाली माती नसते.

या तंत्राचा इतिहास आम्हांस उद्बोधक वाटतो. ब्रुसेल्सच्या व्हान हेल्मोंटने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावून पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती सुमारे दोन औंस घटली. झाड पाण्यापासूनच बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. १६४८ साली प्रसिद्ध झालेल्या या हिशेबात हवा नव्हती, आणि ते दोन औंसही नगण्य ठरले होते. १८६० च्या सुमारास जर्मनीत सॅक्स व क्नोप यांनी क्षार विरघळवलेल्या पाण्यात रोपे वाढवली, तेव्हा मातीतून मिळणाऱ्या त्या किंचित अंशाचे मोल कळले. कॅलिफोर्नियातील गेरिके यांनी १९३७ साली 'हायड्रोपॉनिक्स' हे नाव रूढ केले. १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी ही पद्धत कालिम्पाँग परिसरात आणली.

मक्याच्या चाऱ्यात तर क्षारही घालावे लागत नाहीत. दाण्यातील साठ्यावरच अंकुर आठवडाभर वाढतो. एका किलोचा पाच-सहा किलो चारा होतो खरा. परंतु वाढलेले वजन पाण्याचे असते. कोरडा अंश मूळ दाण्याहून किंचित घटतोच, कारण अंकुराच्या श्वसनात तो खर्च होतो. टंचाईत जनावराला हिरवे मिळते, हा लाभ लहान नव्हे. तथापि तो कडब्याची जागा घेत नाही. शिवाय तो दाणा कुठल्या तरी शेतात, मातीतच पिकलेला असतो.

आपल्या समीक्षेत 'मातीशी नाळ' हा शब्दप्रयोग सैलपणे येतो. माती नेमके काय करते, हे तिला वगळू पाहणाऱ्या या इतिहासातून अधिक स्पष्ट होते. ती आधार देते, क्षार पुरवते, पाणी धरून ठेवते. तिला बाजूला सारले, तरी ही कामे उरतातच. ती कुणाला तरी करावी लागतात. माढा तालुक्यासारख्या अवर्षणप्रवण मुलखात मातीविना चारा पिकवणाऱ्याला मका विकत घ्यावा लागतो आणि पाणीही शोधावे लागते. व्हान हेल्मोंटने सोडून दिलेले दोन औंस आपण पुन्हा सोडून देऊ नयेत, इतकेच आम्हांस सुचवावयाचे आहे.