टिफ्रॅक : मुंबईत बांधलेला संगणक

खोपोलीत लहानपण गेलं की घाटातून उतरणारे टाटांचे जाडजूड पाइप रोजचेच होऊन जातात. लोणावळ्याकडच्या धरणांचं पाणी त्यांतून पॉवरहाऊसवर येतं आणि १९१५पासून इथली वीज मुंबईला जाते. मीही रोज मुंबईच्याच दिशेने जातो, खांद्यावर लॅपटॉपची बॅग अडकवून, कर्जतला गाडी बदलून.

इंजिनिअरिंगला संगणकाचा इतिहास शिकलो तो बॅबेज, एनिआक, व्हॉन नॉयमन असा. सगळं परदेशातलं. आपण वापरणारे, ते बनवणारे, हे मनात पक्कं बसलं. टिफ्रॅकचं नाव कानावर पडलं ते नोकरी लागल्यावर.

गोष्ट १९५४ची. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन नावाचे तरुण गणितज्ञ अमेरिकेतून पीएचडी करून रुजू झाले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने पुढच्याच वर्षी ब्रिटनहून तयार यंत्र आणलं. मुंबईने मात्र स्वतः बांधायचं ठरवलं. या गटातल्या कुणीही आधी संगणक बांधलेला नव्हता. म्हणून आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र केलं. ते १९५६मध्ये चाललं. त्यावर हात बसल्यावर मोठं यंत्र उभारलं आणि १९६०मध्ये ते कामाला लागलं. १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याला नाव दिलं, टिफ्रॅक.

आत सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. प्रोग्राम कागदी पट्टीला भोकं पाडून द्यायचा. मेमरी होती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. एका बिटाला फेराइटची एक बारीक कडी, आणि तिच्यातून ओवलेल्या तारा. कडीचं चुंबकत्व एका दिशेला असेल तर शून्य, उलट्या दिशेला असेल तर एक. हिशेब केला तर ८१,९२० कड्या, म्हणजे जेमतेम १० केबी. तुम्ही मोबाइलवर वाचताय तो हा लेख युनिकोडमध्ये साठवला, तर त्यातली अर्ध्याहून जास्त जागा खाईल!

पण टिफ्रॅक सुरू झाला तेव्हा परदेशात ट्रान्झिस्टरवर चालणारे संगणक विकायला आले होते. १९६४मध्ये याच संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० आला आणि टिफ्रॅकचे दिवस भरले. मग सहा वर्षांची मेहनत पाण्यात गेली का?

यंत्रापुरतं बोलायचं तर जवळपास हो. पण विकतचं यंत्र आलं तेव्हा ते आतून समजू शकणारी माणसं मुंबईत तयार होती. तारा ओवून, बिघाड शोधून, हातानेच मशीनची भाषा लिहून ती शिकली होती. १९६५मध्ये कम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष नरसिंहनच.

आमच्या टीममध्ये दर महिन्याला कुणीतरी विचारतं, "हे आपण कशाला लिहायचं? तयार मिळतंय की!" बहुतेक वेळा ते बरोबरच असतं आणि मीही मान डोलावतो. पण मग रात्री दोन वाजता सिस्टिम बंद पडते, आणि आत नेमकं काय चाललंय हे आमच्यापैकी एकालाही सांगता येत नाही. तेव्हा वाटतं, एखादी गोष्ट तरी मुळापासून स्वतः बांधायला हवी होती. ती जुनी होणार हे माहीत असतानाही.