कूस बदलणारं घड्याळ

घड्याळ बांधण्याच्या आपल्याकडे दोन रीती आहेत. बहुतेकांची डायल मनगटाच्या वरच्या अंगाला असते. काही जण मात्र ती आतल्या अंगाला, नाडीवर ठेवतात. माझे वडील असंच बांधत. त्यांचं सगळं आयुष्य लेथवर गेलं. हात सारखा लोखंडाला घासणार, कुठेतरी आपटणार आणि काच जाणार, हे त्यांनी आधीच धरलेलं असे. वेळ बघायची झाली की ते तळहात स्वतःकडे वळवत. त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्याचं बक्कल ओरखड्यांनी भरलेलं होतं आणि काच शेवटपर्यंत स्वच्छ होती.

मनगटी घड्याळाच्या इतिहासात मला सर्वांत जास्त आवडणारी केस याच काळजीतून जन्मली. केस म्हणजे घड्याळाच्या मशीनचं धातूचं घर. फरक एवढाच, की इथे माणसाला हात वळवावा लागला नाही, घड्याळच वळलं. त्याचं नाव रिव्हर्सो, जन्मसाल 1931, आणि त्याच्या जन्माला निमित्त झालं हिंदुस्थानातलं पोलोचं मैदान.

काचेची ही चिंता त्याआधीही होतीच. खिशातल्या साखळीच्या घड्याळांना धातूचं झाकण असे, बटण दाबलं की ते टपकन उघडे. शिकारीला जाणाऱ्या इंग्रज घोडेस्वारांमुळे या जातीला ‘हंटर’ म्हणू लागले. दर वेळी झाकण उघडण्याचा त्रास नको म्हणून मग झाकणालाच मधोमध छोटी गोल खिडकी आली आणि तिच्याभोवती आकडे कोरले गेले. हे ‘हाफ-हंटर’. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला खिशात हात घालायलाही सवड नव्हती, त्यामुळे घड्याळ मनगटावर आलं आणि काच उघडी पडली. तिच्यावर धातूची भोकांची जाळी बसवून पाहिली. काच वाचली खरी, पण वेळ गजांआडून बघावी लागे. संरक्षण वाढवलं की डायल झाकली जाते, डायल मोकळी ठेवली की काच फुटते. ही अडचण कोणालाच सुटेना.

पोलोत ती फारच तीव्र होती. हा खेळ मूळ आपल्याच मुलखातला. मणिपूरच्या सगोल कांगजेईवरून इंग्रज चहामळेवाल्यांनी तो उचलला आणि 1859 मध्ये आसामातल्या सिल्चरला त्यांचा पहिला क्लब निघाला. सामन्याच्या एका डावाला इंग्रजीत म्हणतात तो ‘चकर’ शब्दही आपलाच, चक्कर. भरधाव घोडा, लाकडी चेंडू, लांब वेताच्या दांड्या, आणि खेळाडूचा हात नेमका त्या सगळ्याच्या मध्ये. घड्याळाच्या काचेला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

1930–31 च्या हिवाळ्यात सेझार द त्रे नावाचा स्विस व्यापारी हिंदुस्थानात होता. दातांच्या साहित्याच्या धंद्यात पैसा करून तो घड्याळांकडे वळला होता. कंपनी आजवर सांगत आली आहे ती हकीकत अशी, की एका पोलो सामन्यानंतर एका ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याला काच फुटलेलं घड्याळ दाखवलं आणि विचारलं, हा खेळ सोसेल असं घड्याळ तुम्ही लोक करू शकता का? द त्रेने तो प्रश्न स्वित्झर्लंडला नेला. जुरा डोंगरांत व्हाले द जू नावाचं खोरं आहे. तिथल्या ल सांतिए गावात 1833 पासून लकुल्त्र घराण्याचा कारखाना होता आणि त्या वेळी तो झाक-दाव्हिद लकुल्त्र चालवत होता. मशीन करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण हे काम मशीनचं नव्हतं, केसचं होतं. म्हणून ते पॅरिसच्या जेगर कंपनीकडे गेलं आणि तिथून रने-आल्फ्रेद शोवो या फ्रेंच अभियंत्याकडे. 4 मार्च 1931 रोजी शोवोने पॅरिसमध्ये पेटंटचा अर्ज दाखल केला. अर्जातलं घड्याळ आपल्या आधारात सरकणारं आणि पुरतं उलटणारं होतं. त्याच वर्षीच्या जुलैत द त्रेने त्याचे हक्क विकत घेतले आणि नोव्हेंबरात ‘रिव्हर्सो’ या नावाची नोंदणी झाली. मूळ लॅटिन शब्द, अर्थ ‘मी मागे वळतो’.

शोवोने काय केलं ते सावकाश बघण्यासारखं आहे. त्याने केसचे दोन तुकडे केले. एक बैठक. तिला पट्टा जोडलेला, ती मनगटावर पक्की बसते आणि जागची हलत नाही. दुसरं म्हणजे बैठकीत बसणारं चौकोनी घर, ज्यात मशीन, डायल आणि काच. या घराला वर आणि खाली बारीक खुंट्या आहेत आणि बैठकीच्या कडांना खाचा. बोटाने हलकं ढकललं की घर खाचेतून बाजूला सरकतं, जुन्या कपाटाचं दार सरकावं तसं. टोकाला पोचलं की ते खुंटीवर फिरू शकतं. मग उलटायचं आणि परत आत ढकलायचं. छोटीशी स्प्रिंग त्याला जागेवर धरते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. आता काच मनगटाच्या बाजूला, बैठकीच्या कुशीत सुरक्षित, आणि जगाकडे तोंड केलेली नुसती धातूची पाठ. येऊ दे चेंडू.

हे सांगायला सोपं आहे. करायला घेतलं की मात्र दर मिलिमीटरला भांडण. सरकायला जागा हवी, पण घर खुळखुळता कामा नये. बैठक भक्कम हवी, पण तिची जाडी घड्याळाच्या जाडीत मिळवावी लागणार, आणि घड्याळ तर बाहीखाली जायला हवं. चावी एका बाजूला बाहेर आलेली, तिने सरकताना अडायचं नाही. शिवाय मशीनसुद्धा लांबट हवं, कारण गोल मशीन चौकोनी घरात बसवलं तर चारही कोपरे वाया जातात. लकुल्त्रकडे या मापाचं मशीन तयार नव्हतं. इतकं नावाजलेलं घराणं, तरी पहिल्या रिव्हर्सोंमध्ये त्यांनी ताव्हान कंपनीची मशीनं घातली. स्वतःचं खास मशीन 1933 मध्ये आलं. केससुद्धा जिनिव्हाच्या वेंगर यांच्याकडून करून घेतल्या. आधी घर ठरलं, बिऱ्हाड मागून आलं.

याच सुमारास रोलेक्सने वेगळी वाट धरली होती. 1926 च्या त्यांच्या ऑयस्टर केसमध्ये मागचं झाकण, काचेभोवतीची पुढची कडी आणि चावी, सगळं आटे पाडून घट्ट पिळलेलं. 1927 च्या ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लाइट्झ ही पोहणारी ते घड्याळ गळ्यात अडकवून इंग्लिश खाडीच्या थंडगार पाण्यात उतरली. पोहणं अर्ध्यात सोडावं लागलं, घड्याळ चालूच राहिलं. पण आटे गोलालाच पाडता येतात. डब्याचं गोल झाकण पिळून बंद होतं, चौकोनी झाकण दाबावंच लागतं. चौकोनी केस निवडून शोवोने पाण्याशी लढाई सोडून दिली आणि सगळा जोर आघातावर लावला. मला यात प्रामाणिकपणा दिसतो. त्याला एका फुटलेल्या काचेचं उत्तर द्यायचं होतं, ते त्याने दिलं.

आणि दिसायला? रिव्हर्सोच्या डायलच्या वर आणि खाली तीन-तीन आडव्या रेषा आहेत. 1925 च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनानंतर इमारती, जहाजं, दिवे, अत्तराच्या बाटल्या, सगळीकडे जी सरळ रेषेची आणि पायऱ्यांची ओढ पसरली, त्या आर्ट डेकोचीच ही लिपी. मुंबईकरांना ती ओळखीची वाटेल. मरीन ड्राइव्हच्या गच्च्यांवर आणि इरॉस सिनेमाच्या कपाळावर तीच आहे, आणि त्या इमारतीही रिव्हर्सोच्याच काळातल्या. धातू म्हणून स्टेब्राइट नावाचं न गंजणारं पोलाद वापरलं. ते तेव्हा नवीन होतं आणि घडवायला कठीण. सोनं मऊ, ते मार सोसत नाही. मार खाण्यासाठीच केलेल्या पाठीला पोलादच हवं होतं.

रिव्हर्सोनंतर पुढच्याच वर्षी कार्तिए कंपनीने आपलं ‘टँक’ घड्याळ चौकटीत उभं कोलांटी घेईल असं करून पाहिलं. म्हणजे कल्पना हवेत होती. टिकली मात्र शोवोची.

गंमत पुढे आहे. कोरी धातूची पाठ बाहेर आली आणि लोकांना ती कोरी बघवेना. आद्याक्षरं कोरली गेली, पलटणींची आणि क्लबांची चिन्हं आली. अमेरिकी सेनानी डग्लस मॅकआर्थर यांच्या रिव्हर्सोवर त्यांची आद्याक्षरं आहेत. वैमानिक अमेलिया इअरहार्टच्या घड्याळावर तिच्या 1935 च्या उड्डाणाचा, मेक्सिको सिटीपासून न्यूयॉर्कपर्यंतचा मार्ग कोरलेला होता. काहींनी मिनाकाम करून घेतलं. रंगीत काचेची पूड धातूवर लावायची, भट्टीत भाजायची, पुन्हा लावायची, पुन्हा भाजायची. 1936 च्या सुमाराचं असं एक रिव्हर्सो प्रसिद्ध आहे, त्याच्या पाठीवर एका भारतीय राजस्त्रीचं चित्र आहे. ज्या बाजूवर चेंडू आदळावा म्हणून योजना केली, तिथे तळहाताएवढंही नाही असं नाजूक चित्र! त्या घड्याळाने पोलोचं मैदान पाहिलं नसणार.

मग गोल घड्याळांचा जमाना आला. पाण्यात चालणारी, आपोआप चावी भरणारी, प्लास्टिकची न तडकणारी काच असलेली. रिव्हर्सोचा मूळ प्रश्नच संपला आणि ते मागे पडलं. 1972 मध्ये जॉर्जो कोर्वो हा इटालियन विक्रेता ल सांतिएला आला, तेव्हा तिथे रिव्हर्सोच्या दोनेकशे रिकाम्या केस पडून होत्या. त्याने त्या सगळ्या उचलल्या, मशीन बसवून घेतलं आणि इटलीत नेल्या. महिन्याभरात सगळ्या खपल्या.

त्याच वर्षी, त्याच खोऱ्यातल्या शेजारच्या ल ब्रासु गावाच्या ओदमार पिगे कंपनीने जेराल्ड जेंटाने आखलेलं ‘रॉयल ओक’ बाजारात आणलं. अष्टकोनी कडी, तिच्यावर उघडे आठ स्क्रू, धातू पोलाद आणि किंमत सोन्याच्या घड्याळांनाही मागे टाकणारी, 3,300 फ्रँक. आतल्या मशीनचा मूळ आराखडा पुन्हा लकुल्त्रच्याच कारखान्याचा. केस घट्ट आवळणारे स्क्रू जेंटाने लपवले नाहीत, उलट तेच घड्याळाचा चेहरा झाले. रोलेक्सच्या कडीवरच्या खाचाही एके काळी ती कडी पिळायच्या हत्याराला पकड मिळावी म्हणून होत्या. पिळणं गेलं, खाचा राहिल्या. मूळ गरज संपल्यावरही जो भाग लोकांना काढून टाकवत नाही, त्यात काहीतरी मुळातच बरोबर होतं, असं मला वाटतं. नुसत्या शोभेसाठी चिकटवलेले नक्षीचे तुकडे पाच-दहा वर्षांत जुने दिसू लागतात.

1985 मध्ये रिव्हर्सोची केस नव्याने आखली. भाग पन्नासहून अधिक झाले, धूळ आणि पाणी आत जाणं थांबलं. 1994 मध्ये ‘ड्युओफेस’ आलं आणि कोऱ्या पाठीच्या जागी दुसरी डायल बसली, दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारी. एकाच मशीनवर दोन्ही बाजू चालतात. मिनिटकाटे जोडलेले, दुसऱ्या बाजूचा तासकाटा पूर्ण तासानेच पुढे सरकणारा. म्हणजे हिवाळ्यात लंडनला दुपारचे बारा वाजले असताना मागच्या डायलवर पाच लावता येतील, सहा लावता येतील. आपले साडेपाच लावता येणार नाहीत. हिंदुस्थानात सुचलेल्या घड्याळाला लंडनच्या जोडीला हिंदुस्थानची वेळ दाखवता येऊ नये, याचं मला खरंच वाईट वाटतं. 2021 मध्ये तर चार डायलींचं रिव्हर्सो आलं. घडवणाऱ्यांचं कसब पाहून मी थक्क होतो, पण चारही बाजू बोलायला लागल्या की चेंडूपुढे कोणती धरायची?

मला ओढ वाटते ती 1930 च्या दशकातल्या साध्या पोलादी रिव्हर्सोंची. त्यांतली काही लिलावाच्या सूचीत भेटतात, पुढून आणि मागून अशा दोन छायाचित्रांत. पुढे शाई जराशी फिकी झालेली डायल, आकडे शाबूत. मागे पाठीवर बारीक बारीक ओरखडे, एखादा पोचा, आणि त्यांच्यामधून कोणाची तरी पुसट झालेली आद्याक्षरं. काही विक्रेते विकण्याआधी ही पाठ पॉलिश करून लख्ख करतात. तसं करू नये. तो पोचा घड्याळाने काचेऐवजी पाठीवर घेतला आहे.