शनिवारच्या दुपारने घडवलेले शहर

इंग्लंडमधील मँचेस्टर येथे दोन दिवसांच्या मुक्कामाला येणाऱ्या प्रवाशाचा कार्यक्रम आज जवळजवळ ठरलेला असतो : ओल्ड ट्रॅफर्ड किंवा एतिहाद या मैदानांची फेरी, राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय आणि उरलेल्या वेळात डीन्सगेट, मार्केट स्ट्रीट किंवा आर्नडेल येथील खरेदी. खेळ आणि खरेदी यांची ही जोडी आधुनिक पर्यटनव्यवसायाच्या पुष्कळ आधीची असून, तिची मुळे एकोणिसाव्या शतकातील कापडगिरण्यांच्या कामाच्या वेळांत आणि कामगारांना मिळालेल्या अर्ध्या दिवसाच्या सुटीत सापडतात.

फ्रेडरिक एंगेल्स याने 1845 मध्ये इंग्लंडमधील कामगारांच्या स्थितीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बाजाराविषयीचे एक निरीक्षण आहे. कामगाराच्या हाती पगार शनिवारी संध्याकाळी पडत असल्यामुळे तो बाजारात पोचेपर्यंत चांगला माल सकाळीच मध्यमवर्गीय गिऱ्हाइकांनी उचललेला असे, आणि त्याच्या वाट्याला सुकलेली भाजी व शिळे मांस येई. 1850 च्या कारखाना कायद्याने स्त्रिया आणि अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबवले. त्यांच्यावाचून गिरणीची यंत्रे चालवणे कठीण असल्याने पुरुषांनाही बहुधा त्याच वेळी सुटी मिळू लागली, आणि 1874 च्या कायद्याने ही वेळ आणखी अलीकडे आली. रविवार धार्मिक पाळणुकीचा, त्या दिवशी दुकाने बंद आणि व्यावसायिक सामने निषिद्ध. त्यामुळे करमणूक आणि खरेदी या दोन्हींचा भार शनिवारच्या दुपारवर पडला. सामना तीन वाजता सुरू करण्याची रूढीही यातूनच आली, कारण गिरणी सुटल्यावर घरी जाऊन जेवून मैदान गाठता येईल अशी ती वेळ होती; विजेचे दिवे नसल्याने ऐन हिवाळ्यात मात्र सामने याहून लवकर सुरू करावे लागत.

या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) तेथील कापूस बंद झाला, तेव्हा मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायर परगण्यातील गिरण्यांना वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाचा मोठा आधार मिळाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. पुढे मुंबईच्याच गिरण्या स्पर्धेत उतरल्यावर हिंदुस्थानातही कारखाना कायदे लागू करावेत अशी मागणी लँकेशायरच्या मालकांनी लावून धरली. तिच्यामागे स्वार्थ होता हे उघड आहे. पण गिरणगावातील कामगारांची साप्ताहिक सुटी केवळ त्या दबावातून आली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नारायण मेघाजी लोखंडे यांनी उभ्या केलेल्या चळवळीमुळे 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, आणि तिचे श्रेय त्या कामगारांचेच आहे.

मँचेस्टरचे दोन्ही नामांकित क्लब या मोकळ्या दुपारचीच अपत्ये होत. लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या विभागातील कामगारांनी 1878 मध्ये न्यूटन हीथ हा संघ काढला. हिरव्या आणि सोनेरी रंगाचा हा संघ पुढे क्लेटन येथील बँक स्ट्रीटवर रासायनिक कारखान्यांच्या धुराच्या सोबतीने खेळत असे. तो दिवाळखोरीत निघाल्यावर मद्यनिर्मिती व्यवसायातील जॉन हेन्री डेव्हिस यांनी त्यात पैसा घातला, 1902 मध्ये तो मँचेस्टर युनायटेड झाला आणि 1910 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला गेला. वेस्ट गॉर्टन येथील सेंट मार्क चर्चच्या आश्रयाने 1880 मध्ये निघालेल्या संघाचे 1894 मध्ये मँचेस्टर सिटीत रूपांतर झाले. फुटबॉल लीग, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाने सर्वांनी सर्वांशी खेळण्याची जगातील पहिली व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा, हिची स्थापनाही 17 एप्रिल 1888 रोजी याच शहरातील रॉयल हॉटेलात झाली.

खरेदीचा इतिहास याहून जुना. डीन्सगेटवरील केंडल्स या विभागवार दुकानाची परंपरा अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जाते, तर 1871 ची बार्टन आर्केड, म्हणजे काचेच्या छताखालील दुकानांची गल्ली, आजही उभी आहे. मात्र शहराचा व्यापारी आत्मा रॉयल एक्स्चेंजमध्ये होता. कापूस आणि सूत यांचे सौदे होणारे हे विशाल सभागृह 1968 मध्ये बंद झाले, 1976 मध्ये तेथे नाट्यगृह आले. तरीही अखेरच्या दिवसाचे भाव दाखवणारा फलक उंचावर तसाच ठेवला आहे, आणि मँचेस्टरचा प्रवासी मैदानाआधी तेथे गेला तर त्याला शहर अधिक नीट कळेल.

खेळ आणि बाजार यांची गाठ सर्वांत वेदनादायक रीतीने पडली ती 15 जून 1996 रोजी. त्या शनिवारी, युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा चालू असताना, आयरिश रिपब्लिकन आर्मीने आर्नडेलजवळ कॉर्पोरेशन स्ट्रीटवर सुमारे दीड टन स्फोटकांचा स्फोट घडवला. आगाऊ सूचनेमुळे हजारो गिऱ्हाइकांना हलवता आले आणि कोणी दगावले नाही, पण दोनशेहून अधिक लोक जखमी झाले. दुसऱ्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डवर जर्मनी आणि रशिया यांचा सामना ठरल्याप्रमाणे झाला. उद्ध्वस्त भागाच्या पुनर्रचनेत 2002 मध्ये उभारलेल्या अर्बिस या काचेच्या इमारतीत, प्रेस्टनहून हलवलेले राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय 2012 मध्ये सुरू झाले. 1966 च्या विश्वचषक अंतिम सामन्यातील चेंडू, जो जर्मन खेळाडू हेल्मुट हालर याच्याकडे तीस वर्षे होता आणि 1996 मध्येच इंग्लंडला परतला, तो याच संग्रहात आहे.

दरम्यान 1994 च्या कायद्याने इंग्लंडमधील मोठ्या दुकानांना रविवारी सहा तास व्यवहाराची मुभा मिळाली, 1998 मध्ये शहराच्या पश्चिमेला ट्रॅफर्ड सेंटर उघडले, दूरचित्रवाणीच्या सोयीने सामने इतर वारांवर विखुरले, आणि एका दुपारीत मावणारा कार्यक्रम दोन दिवसांच्या सहलीइतका पसरला. ज्यांच्या पूर्वजांसाठी ती दुपार होती, त्या स्थानिक प्रेक्षकांना वाढत्या तिकीटदरांनी हळूहळू बाजूला सारले, ही या भरभराटीची खेदजनक बाजू आहे. युनायटेडच्या अमेरिकी मालकीला विरोध करणाऱ्या चाहत्यांनी 2005 मध्ये एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा सभासदांच्या मालकीचा क्लब काढला. तेथे प्रत्येक सभासदाला एकच मत असते, आणि 2015 पासून शहराच्या उत्तरेकडील मॉस्टन भागात त्याचे स्वतःचे मैदान आहे.