राणीछाप रुपया सापडलाय? साल नंतर बघा, आधी ठिपके मोजा!

आजीच्या डब्यात राणीछाप रुपया सापडतो आणि त्याच आठवड्यात मोबाईलवर व्हिडिओ येतो: ‘हे नाणं असेल तर तुम्ही लखपती!’ व्हिडिओत फक्त साल दाखवलेलं असतं. पण नुसत्या सालावरून जुन्या नाण्याची किंमत ठरत नाही. एकाच सालच्या दोन रुपयांच्या किमतीत मोठा फरक असू शकतो. कारण असतं ठसा.

ठसा म्हणजे काय?

नाणं पाडताना धातूची चकती दोन पोलादी ठशांमध्ये जोरात दाबतात. ठसे झिजतात, तडकतात, मग नवे बनतात. नव्या ठशात एखादा ठिपका वाढतो, एखादं फूल बदलतं, अक्षरं सरकतात. या फरकाला संग्राहक ‘डाय व्हरायटी’ म्हणतात. नाणं नंतर खिशात घासलं गेलं, त्यावर ओरखडा पडला, तर ती व्हरायटी नव्हे. फरक ठशातच हवा.

१८६२ चा रुपया १८६२ चाच असतो?

नाही, आणि इथेच खरी मजा आहे. ‘व्हिक्टोरिया क्वीन’ लिहिलेल्या या रुपयावर १८६२ हेच साल १८७४ पर्यंत कायम ठेवलं होतं. मग नाणं नेमकं कधी पाडलं हे कळणार कसं? मुंबई टांकसाळीने १८६३ पासून बारीक ठिपके टाकायला सुरुवात केली. मागच्या बाजूला सालाखालच्या नक्षीच्या तळाशी, ‘वन’ या शब्दावरच्या नक्षीच्या वर किंवा दोन्हीकडे हे ठिपके दिसतात. भिंग घ्या, उजेड तिरका पाडा आणि मोजा. काही ठिपके-जोड्या सहज मिळतात, काहींसाठी संग्राहक वर्षानुवर्षं थांबतात.

त्याआधीच्या १८४० सालच्या कंपनी सरकारच्या रुपयाचीही हीच गत. एका प्रकारात ‘व्हिक्टोरिया क्वीन’ ही अक्षरं राणीच्या डोक्यावरून सलग जातात, दुसऱ्यात डोक्याच्या दोन बाजूंना विभागलेली असतात. मागच्या बाजूच्या वेलीवरची फळंसुद्धा मोजली जातात!

हत्तीचा झाला डुक्कर

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया सर्वांत गाजलेला. राजाच्या अंगावरच्या मानचिन्हांत एक हत्ती होता. त्याची सोंड आणि पाय इतके आखूड कोरले गेले की लोकांना तो डुक्कर वाटला. मुस्लिम समाजात नाराजी पसरली. कोलकाता आणि मुंबईत मिळून सुमारे ९४ लाख नाणी पाडली होती, त्यांतली जेमतेम ७ लाख बाहेर गेली आणि उरलेली वितळवली. १९१२ मध्ये लांब सोंडेचा, स्पष्ट हत्ती आला. १९११ च्या नाण्यावर मागे तळाच्या कमळाखाली बारीक ठिपका असेल तर ते मुंबईचं, नसेल तर कोलकात्याचं.

मग किंमत कशी ठरते?

आधी तळ बघा. हे रुपये ११.६६ ग्रॅमचे आणि ९१.७ टक्के चांदीचे, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. आजच्या भावाने गुणा. अस्सल नाण्याची किंमत सहसा याखाली जात नाही. त्यावरची किंमत प्रकार किती दुर्मिळ, नाणं किती झिजलंय आणि तो प्रकार शोधणारे किती, यावर ठरते. फ्रेड प्रिडमोर यांच्या ब्रिटिश भारताच्या नाण्यांवरील सूचीत बहुतेक प्रकारांना क्रमांक आहेत. विक्रेतेही तोच क्रमांक सांगतात. भाव तपासताना ऑनलाइन मागितलेला आकडा सोडा, लिलावात प्रत्यक्ष मिळालेला बघा. मागायला काय, कोणी कोटीही मागेल.

वजन बरंच कमी भरलं, नाणं चुंबकाला चिकटलं किंवा कडेला जोडाची रेघ दिसली, तर ते नकली समजा. आणि कृपा करून चिंच किंवा रांगोळी लावून घासू नका. चकाकी येते, पण संग्राहक पाठ फिरवतो.

विकताना दोन गोष्टी

कोणी ‘आरबीआयची फी’ म्हणून आगाऊ पैसे मागितले तर फोन ठेवा. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपण कोणतंही कमिशन घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. दुसरं, १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं. त्यामुळे १९११ चा रुपया परदेशातल्या ग्राहकाला परस्पर कुरिअर करता येत नाही.